विजेचा शेक, गॅसचा शेक

मुंबईत घर तापवायची पाळी कुणावर येत नाही. ते आपोआप तापतं आणि निवायला मात्र रात्रभर घेतं. आमच्या मुलुंडला डोंगराच्या बाजूने जरा गार वारा यायचा, पण तोही डिसेंबर-जानेवारीत, पहाटेपुरता. एक जादा चादर ओढली की भागत असे. या शहरात खोली मुद्दाम, पैसे खर्चून तापवायची ती एकाच कारणासाठी: आत बाळंतीण असेल तर. माझ्या पहिल्या बाळंतपणात आमची खोली अशी तापवली गेली, तीही ऑक्टोबरात. आणि ती विजेने तापवावी की गॅसने, कशाने स्वस्त पडेल, यावरून माझे वडील आणि माझे सासरे यांच्यात जे काही झालं, ते सगळं मी बाजेवर पडून पाहिलं.

बाबा उपनगरांत वीज पुरवणाऱ्या कंपनीत बिलांच्या खात्यात होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शहरात नळीने गॅस पुरवणाऱ्या कंपनीत. दोघांनीही उमेदीची सगळी वर्षं एकाच नोकरीत काढलेली, आणि आपण विकतो तीच वस्तू माणसाला देवाने दिली अशी दोघांची समजूत. मामंजी मला बघायला आले तेव्हा बाबांनी पहिलाच प्रश्न विचारला, आपण कुठे असता. उत्तर ऐकून बाबा म्हणाले, गॅस म्हणजे ते रस्त्यावरचे दिवे ना, ते तर आता चाललेच की. मामंजी अगदी शांतपणे म्हणाले, दिवे चालले, पण शेगड्या आल्या. तिथून जे सुरू झालं ते संपेना. चहा थंड झाला, तो आईने परत गरम केला, तोही थंड झाला. निघताना मामंजी पायरीवर थांबून म्हणाले, एक बादली पाणी कशावर किती पैशांत तापतं ते मी पुढच्या खेपेला नक्की आकड्यानिशी सांगतो. बाबा आत आले आणि आईला म्हणाले, स्थळ जमलं. आईने विचारलं, ते काही बोलले का? बाबा म्हणाले, पुढच्या खेपेला म्हणाले ना.

तर असं माझं लग्न झालं. लग्नात फक्त एकच गोष्ट बिघडली. विहिणीच्या पंगतीत जिलब्या कमी पडल्या. सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत याचीच आईने जास्त धास्ती घेतली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फार गोड आणि फार थोडं बोलत.

दादरला सासरी मोरीत गॅसचा बंब होता. काडी लावली की भप्प आवाज व्हायचा आणि बोलता बोलता कढत पाणी यायचं. मला तो फार आवडे, पण माहेरी आले की मी त्याबद्दल बोलायचं टाळत असे. आई विचारायची, तब्येत कशी आहे. बाबा विचारायचे, पाणी नीट तापतं का. मी तब्येतीचंच सांगत राहायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मुलुंडला आले. आमचं घर तळमजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा. मुलगी झाली, सगळं ठीक झालं, सूतिकागृहातून घरी आले. आईने आतली खोली तयार ठेवली होती. काथ्याची बाज, खिडकीला जाड चादर, बाजेखाली कोळशाची शेगडी. तिच्यात ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची आणि मला वरून शेकायचं. आईचं बाळंतपण असंच झालं होतं, तिच्या आईचंही असंच, तेव्हा यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

पण त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि वखारीतला कोळसा ओला होता. शेगडी पेटायच्या ऐवजी धुमसायची. खोलीभर धूर, माझ्या डोळ्यांना धारा, आणि मुलगी शिंकायला लागली की थांबेना. सूतिकागृहाच्या डॉक्टरीणबाई जवळच राहायच्या. वाटेवरून जाताना सहज डोकावल्या आणि म्हणाल्या, बाळाच्या खोलीत धूर अजिबात नको. आईने मान डोलावली. त्या गेल्यावर म्हणाली, धूर नको म्हणाल्या, शेक नको म्हणाल्या नाहीत.

बाबा हे ऐकून कपाटावर चढले.

तिथे एक खोकं होतं. त्यात काय आहे ते आम्हां सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचा विषय घरात निघत नसे. बाबांच्या हपिसातला एक गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याने आपलं सामान हपिसातल्या लोकांना विकलं. कुणी खुर्ची घेतली, कुणी कपबशा. बाबांनी विजेचा हीटर घेतला. तांब्याची परातीसारखी खोलगट, चकचकीत थाळी, मध्ये चिनीमातीचा उभा कोन आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तार. बटण दाबलं की तार लाल व्हायची आणि थाळी ती उष्णता समोर फेकायची. बाबा म्हणाले होते, थंडीत उपयोगी पडेल. मग कितीतरी थंड्या आल्या आणि गेल्या. दर जानेवारीत बाबा पहाटे उठून व्हरांड्यात उभे राहायचे, हात चोळून बघायचे आणि परत आत यायचे. आता त्यांनी ते खोकं खाली काढलं, थाळी चिंचेने घासायला लावली, आणि सूर्य हातात धरल्यासारखा तो हीटर घेऊन माझ्या खोलीत आले.

पहिल्यांदा त्यांनी तो बाजेखाली ठेवून पाहिला. त्याचं तोंड समोर, म्हणून त्यांनी त्याला उताणा केला. जरा वेळाने काथ्यातून बारीक धूर निघाला. मी हाक मारली, बाबांनी बटण बंद केलं, आणि झाल्या प्रकाराबद्दल आईला सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं. मग हीटर स्टुलावर गेला. माझी एक बाजू भाजून निघाली, दुसरी तशीच. बाबांनी मला कूस बदलायला सांगितली.

आईला तो पटला नाही. तिचं म्हणणं, हा उजेड आहे, शेक नाही. शिवाय धुरी कशावर द्यायची? बाबांची पाठ वळली तेव्हा तिने चिमूटभर ओवा त्या लाल तारेवरच टाकला. तडतड झाली, एक ठिणगी उडाली, आणि पुढे ती खोली कितीतरी दिवस जळक्या ओव्याने दरवळत होती. बाबा धावत आले. ते रागावले नाहीत. तार तुटली नाही हे पाहून त्यांना इतकं बरं वाटलं की ते हीटरच्याच मजबुतीचं कौतुक करायला लागले.

रविवारी मामंजी नात बघायला आले. तिच्या हातावर चांदीचा वाळा ठेवला, तिला मांडीवर घेतलं, आणि मग त्यांची नजर स्टुलावर गेली. बाबांनी हीटर मामंजींच्या बाजूला थोडा वळवला. मामंजींच्या कपाळावर घाम आला. तो पुसून त्यांनी अदबीने विचारलं, "व्याहीबुवा, याला युनिटं किती जातात हो?"

बाबांनी सांगितलं. मामंजी हसले. एवढंच झालं, पण मला तेव्हाच कळलं की आता माझं काही खरं नाही.

दोन-तीन दिवसांनी दारात एक मालट्रक थांबला. आग्रा रोडने दादरहून आला होता. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी मामंजी बसलेले, आणि त्यांच्या पलीकडे, त्यांच्या उपरण्याने खिडकीच्या गजाला बांधून ठेवलेला, गॅसचा सिलिंडर. तेव्हा हा डब्यातला गॅस मुंबईत नुकताच आला होता आणि मुलुंडला आमच्या आळीत तरी कुणी पाहिला नव्हता. शेजारची माणसं ओट्यावर जमली. कुणीतरी विचारलं, हे फुटतं का. मामंजी म्हणाले, फोडल्याशिवाय नाही. खरं तर मामंजींची कंपनी नळीचा गॅस विकायची आणि डब्याचा गॅस म्हणजे तिला सवतच, पण त्यांच्या मनाला ते लागलं नव्हतं. गॅस तो गॅस, मग तो कशातून का येईना. मुलुंडपर्यंत नळी येत नाही, हा काही गॅसचा दोष नव्हे, असं त्यांनी बाबांना समजावून सांगितलं.

त्यांनी एक बर्नर आणला होता आणि त्यावर ठेवायला बिडाचा जाड तवा. ज्योत पेटवली, तवा तापला, खोलीत ऊब पसरली. ती हीटरपेक्षा जास्त बरी होती, हे मला कबूल करायला हवं. सगळीकडून सारखी येत होती. आईने मामंजींच्या देखत धुरीचा विषय काढला नाही. ते व्हरांड्यात गेल्यावर मात्र ओवा तव्यावर टाकला, आणि त्यातला थोडा बर्नरच्या भोकांत पडला. ज्योत पिवळी झाली. मामंजींनी तो बर्नर खिळ्याने टोकरून साफ केला आणि गॅसमध्ये कधी कधी असा कचरा येतो म्हणाले.

आता तुलना नीट व्हायला हवी होती. दोघांनी बसून ठरवलं: एक दिवस वीज, एक दिवस गॅस. खोली तीच, दार-खिडकी बंद, आणि मी "बास" म्हणेपर्यंत शेक. म्हणजे उष्णता मोजायचं यंत्र मी. हे ठरवताना मला बोलावलं नव्हतं, पण बाज भिंतीला लागून होती आणि भिंतीपलीकडे व्हरांडा होता.

मामंजी तेवढ्यासाठी आमच्याकडे राहिले. त्यांची रजा शिल्लक होती.

मुलाचे वडील मुलीच्या माहेरी मुक्कामाला, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आईने कंबर कसली. जिलब्यांचं तिच्या मनात होतंच. पहिल्या दिवशी अळूवड्या आणि बासुंदी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या, मग साटोऱ्या, मग घावन-घाटलं. सकाळी त्यांच्या आंघोळीला कोळशाचा बंब पेटायचा, दुपारी स्वयंपाकघरात दोन-दोन शेगड्या. मामंजी जेवताना प्रत्येक पदार्थाची तारीफ करायचे आणि हे गॅसवर किती लवकर झालं असतं ते सांगायचे. बाबा मान खाली घालून जेवायचे.

विजेच्या दिवशी बाबा शेक सुरू व्हायच्या आधी स्टुलावर उभे राहून मीटर वाचायचे. मीटरवर दुसरं काही येऊ नये म्हणून घरातलं सगळं बंद. रेडिओ बंद, दिवे बंद. संध्याकाळच्या अंधारात आई चाचपडत भाजी चिरायची. एकदा तिने भेंडीबरोबर बोट कापलं आणि अंधारातच हळद लावून घेतली. मामंजी मात्र त्या अंधारात मोठ्या समाधानाने बसलेले असायचे. एकदा ते म्हणाले, आमच्या गॅसच्या दिव्यांना असं कधी करावं लागलं नाही.

पण त्यांचंही सोपं नव्हतं. गॅसला मीटर नाही. किती जळला ते कळायचं तर सिलिंडर आधी आणि नंतर तोलायला हवा. एवढा मोठा काटा मुलुंडात आमच्या माहितीत एकाच ठिकाणी होता, लाकूड-कोळशाच्या वखारीत. वखारवाले कच्छी शेठ होते. बैठी मूर्ती, कोळशाने काळी झालेली गादी, पण कपडे पांढरे स्वच्छ. गॅसच्या दिवशी सकाळी हमालाच्या डोक्यावर सिलिंडर, मागे छत्री घेऊन मामंजी, आणि खोटं वजन होऊ नये म्हणून बरोबर बाबा, अशी मिरवणूक निघायची. ज्याचा धंदा बुडवायला ही वस्तू आली होती त्याच्याच काट्यावर ती चढायची. शेठ स्वतः उठून वजन करायचे. चहा मागवायचे. शेक झाला की पुन्हा मिरवणूक, पुन्हा काटा, पुन्हा चहा.

त्या काट्यावर जळाऊ लाकडं मणाने तोलायची सवय. एका शेकाला लागलेला चिमूटभर गॅस त्याच्या खिजगणतीतही नव्हता. आधी जेवढं वजन, नंतर तेवढंच. मामंजींनी जाहीर केलं की गॅस इतका थोडा जळतो की काट्याला दिसतसुद्धा नाही. बाबांनी म्हटलं, न दिसणाऱ्या गोष्टीची किंमत धरायची कशी? मामंजी म्हणाले, शून्य धरा. त्या दिवशी दोघं जेवताना एकमेकांना आग्रह करायला विसरले. आईने मला येऊन सांगितलं की आता भांडण होणार. पण ते दोघं भांडायचे नाहीत. जितका राग जास्त, तितकं त्यांचं बोलणं अदबीचं व्हायचं. "आपण म्हणता तेही खरंच आहे," असं बाबा म्हणाले की समजावं, त्यांचं डोकं फिरलंय.

आणि मी? मी "बास" कधी म्हणायचं, हा माझ्यापुढचा पेच होता. हीटरपुढे लवकर बास म्हटलं तर वीज स्वस्त ठरायची, आणि व्हरांड्यातल्या मामंजींच्या छत्रीचं टोक फरशीवर वाजायला लागायचं. गॅसवर लवकर म्हटलं तर बाबा उठून अंगणात जायचे. मुलगी एकाची, सून दुसऱ्याची. मग मी दोन्हीकडे सारखाच वेळ दम धरायचं ठरवलं. मनात रामरक्षा म्हणायची, ती संपली की परत पहिल्यापासून, मग "बास". बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, आत बंद खिडकी, डोक्याला बांधलेलं फडकं, अंगावर शाल. घाम कानांत जायचा. मुलगी कुंचीत लालबुंद होऊन टकाटका बघायची. आई घाम पुसायची आणि म्हणायची, बाळंतिणीचं अंग असं सुटायलाच हवं.

आमचे हे शनिवारी यायचे. बँकेत होते, आणि बँकेच्या कसल्याशा परीक्षेला बसणार होते. दोघांनीही त्यांना व्हरांड्यात धरलं आणि तुझं काय मत, असं विचारलं. यांनी दोघांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, परीक्षेत हा भाग नाही म्हणाले, आणि डोंगराकडे फिरायला गेले ते जेवायच्या वेळेला उगवले. मी रात्री रागावून बोलले तर म्हणाले, तू निदान आत आहेस, मी दोघांच्या मध्ये आहे.

मग एका दुपारी सासूबाई आल्या, न कळवता. मामंजींचं परतायचं लक्षण दिसेना, पत्राला उत्तर नाही, म्हणून त्या स्वतः निघाल्या होत्या. तो गॅसचा दिवस होता. त्या थेट माझ्या खोलीत आल्या, आणि दाराशीच थांबल्या, भिंत लागल्यासारख्या. भिंतींना ओल सुटली होती. चष्म्यावर वाफ धरली म्हणून त्यांनी तो काढला. मग जवळ येऊन माझ्या बाजेवर बसल्या आणि माझ्या गालाला हात लावला.

"तुला थंडी वाजते का गं?"

मी नाही म्हटलं. म्हणताना मला रडू आलं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. डोकं सकाळपासून जड होतं, मळमळत होतं, आणि इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी मुलीची कुंची सोडली. मानेवर, पाठीवर, काखेत लाल पुरळ उठलेलं. त्यांनी आधी गॅसची चावी बंद केली, मग खिडकीवरची चादर ओढून काढली आणि खिडकी उघडली. वारा काही विशेष नव्हता, पण मी तोंड उघडून तो प्यायले.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. आता या दोघींचं जुंपणार, असं मला वाटलं. आईने मुलीची पाठ पाहिली आणि मटकन खालीच बसली. म्हणाली, माझं लक्ष सगळं पंगतीकडे होतं. सासूबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या, आणि म्हणाल्या की त्यांच्या पहिल्या मुलाच्या वेळी त्यांना शेगडीवर इतकं भाजून काढलं होतं की त्या एकदा पहाटे उठून मोरीत थंड फरशीवर जाऊन झोपल्या होत्या, आणि हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आई डोळे पुसता पुसता म्हणाली, मीसुद्धा. तीही गेली होती, फक्त बाहेरच्या ओट्यावर. दोघी हसायला लागल्या. मी हे ऐकून थक्क झाले, कारण माझ्या आईने मला ते शेवटपर्यंत सांगितलं नसतं.

डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, मुलीला पाहिलं, मला पाहिलं, बर्नर पाहिला, स्टूल पाहिलं. घामोळं आहे, मोकळं ठेवा म्हणजे जाईल, असं सांगितलं. माझ्या डोकेदुखीबद्दल मात्र त्या कडक बोलल्या. बंद खोलीत असा गॅस जाळणं धोक्याचं असतं, आज कुणी आलं नसतं तर काय झालं असतं ते मी सांगत नाही, असं म्हणाल्या. मग व्हरांड्यात जाऊन त्यांनी विचारलं, "ही खोली तापवतंय कोण?"

बाबांनी मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी बाबांकडे. इतके दिवस प्रत्येक जण श्रेय आपल्याकडे ओढत होता. बाबा म्हणाले, व्याहीबुवांचाच गॅसचा अनुभव मोठा. मामंजी म्हणाले, छे, हीटर आधी यांचा आला. डॉक्टरीणबाई दोघांना सोडून पायऱ्या उतरल्या. मग मामंजी उठून दाराशी आले, आत न येता, आणि मला म्हणाले, "चुकलं हं बाळ." बाबा त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी स्टुलावरचा हीटर उचलून नेला, आणि जाताना थाळीत स्वतःचं तोंड दिसलं असावं, कारण त्यांनी तो चटकन उलटा धरला.

खरी गंमत पुढेच झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घाई होती आणि कोळसा पेटेना. सासूबाईंनी तो बर्नर उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर नेला, तवा काढून टाकला आणि त्यावर चहा ठेवला. चहा झाला, मग पोहे झाले, मग आईने हळूच कुकर चढवला. बर्नर ओट्यावरून उतरला नाही. सिलिंडर संपला तेव्हा आईनेच मामंजींना दुसरा मागवायला सांगितलं. अशा रीतीने आमच्या आळीत गॅसवर पहिला स्वयंपाक लाईट कंपनीतल्या माणसाच्या घरी झाला. बाबा पुढे किती वर्षं त्यावरचं जेवले, पण भात जरा करपला की म्हणायचे, हे विजेवर झालं नसतं.

आणि हीटरचंही भलं झालं. परतीच्या पावसाच्या सरी सुरूच होत्या आणि दुपटी-लंगोट वाळत नव्हते. बाबांनी बाहेरच्या खोलीत दोरी बांधली, तिच्यापुढे हीटर ठेवला, आणि सगळी दारं-खिडक्या उघडी टाकून ते स्वतः खुर्ची घेऊन लंगोटांवर लक्ष ठेवत बसले. मामंजी शेजारी. कुठला लंगोट आधी वाळेल यावर त्यांचं बोलणं चाले. एका संध्याकाळी आईने तिथे उभं राहून विचारलं, एवढं सगळं केलंत, तर शेवटी स्वस्त काय पडलं? बाबांनी मामंजींना बोलायची खूण केली. मामंजी म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या शेगड्या, माझ्या आंघोळीचा बंब, आणि शेठचा चहा धरला, तर कोळसा सगळ्यांत महाग." आई म्हणाली, मग माझी पुरणं कुणात धरली? सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्या दोघी मात्र तेव्हापासून एक झाल्या. मुलगी अंगावर पिऊन झोपली की दोघी माझ्याच बाजेच्या कडेला बसून लग्नापासूनचं सगळं बोलायच्या, आणि मी झोपले आहे असं समजून माझ्याबद्दलही बोलायच्या. घामोळं आठवड्याभरात गेलं. माझं डोकंही हलकं झालं. दुपारच्या वेळी खिडकीतून समोरच्या चिंचेवरचे बगळे दिसायचे. आधीचे इतके दिवस ते तिथेच असणार.

मी सासरी जायला निघाले तेव्हा चांगली थंडी पडली होती, म्हणजे मुंबईतली. सासूबाईंनी मुलीला एकच दुपटं गुंडाळलं आणि आईनेही आणखी एक पुढे केलं नाही. दादरला पोचलो तर आमच्या खोलीत वेगळाच उजेड. त्या खोलीची मागची खिडकी, कधीतरी रंगाने चिकटलेली, मी लग्न होऊन आले तेव्हापासून बंदच होती. ती भिंतच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. मामंजी आधी घरी परतले होते, त्यांनी सुताराला बोलावून ती सोडवून घेतली होती आणि तिला नवी कडी लावली होती. मला त्यांनी ती उघडून दाखवली. तिच्यापलीकडे मागच्या इमारतीतले एक गृहस्थ रोज संध्याकाळी पेटी वाजवायला शिकत असत, आणि ते शिकणं आता आमच्या खोलीत स्पष्ट ऐकू यायला लागलं. एकच सरगम, आणि तीही दरवेळी एकाच सुरावर घसरायची. यांनी परीक्षेचं पुस्तक उचललं आणि बाहेरच्या खोलीत गेले. मुलीला मात्र ते फार मानवलं; तो सूर घसरला की ती हमखास झोपायची.